कर्ता हरवलेली वाक्ये

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद झाला, व्हायलाच हवा होता. परंतु अभिजात मराठीत लिहिलेले कचेरीचे पत्र हाती पडले की सामान्य नागरिक आजही ते घेऊन एखाद्या जाणत्याचे घर गाठतो. असे का व्हावे? नियमांची वानवा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली.

या दुर्बोधतेचे खापर संस्कृत शब्दांवर फोडण्याची चाल पडली आहे. ते न्याय्य नव्हे. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रूढ झालेले शब्द संस्कृतचेच. त्यांचा अर्थ आज कोणी विचारत नाही. दोष वाक्यरचनेत आहे. 'आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने निकाली काढण्यात येत आहे.' या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. पण निकाली काढला म्हणजे मंजूर की नामंजूर? निर्णय कोणी घेतला? योग्य नमुना कोठे मिळेल? कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला कर्ता दडतो आणि त्याच्यासोबत उत्तरदायित्वही.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने निदान आपल्यापुरते हे दुखणे ओळखले. कलम ७(८) प्रमाणे अर्ज फेटाळताना कारण, अपिलाची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील कळवणे बंधनकारक आहे. पहिल्या अपिलाला मुदत तीस दिवसांची. पत्राचा अर्थ लागेपर्यंत ती सरली, तर कायद्याने दिलेला हक्क भाषेने काढून घेतला असेच म्हणावे लागेल.

शुद्धलेखन गौण आहे, असा याचा अर्थ नव्हे. 'कामगार दिन' लिहिताना वेलांटी चुकली की कामगार 'दीन' होतो. (तो झालाही असेल, पण तो विषय निराळा.) संगणक आल्यापासून अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाची खुर्चीच उचलली गेली, खर्च वाचला, दुसरी नजर गेली. मात्र मुद्रितशोधक वेलांटी सुधारील, हरवलेला कर्ता शोधणे हे संपादकाचे काम. कार्यालयांत तर संपादक कधी नव्हताच. तेथे निदान एवढे व्हावे : विषयाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याने पत्राचा मसुदा वाचावा. काय ठरले, कोणी ठरवले आणि आता कोठे व केव्हापर्यंत जायचे, हे त्याला सांगता आले, तरच त्या पत्रावर जावक क्रमांक पडावा.