अंदाजातील अंश आणि रानातील थंडी

मार्गशीर्ष सरून पौष लागतो न लागतो तोच उत्तरेकडील थंडीच्या लाटेच्या वार्ता येऊ लागतात. आकाशवाणीवरून, वृत्तपत्रांतून आणि आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवरून, येत्या दोन-तीन दिवसांत किमान तापमान चार-पाच अंशांनी उतरण्याचा संभव आहे, अशी सूचना गावोगाव पोहोचते. भारतीय हवामान खात्याने शेतकऱ्यांकरिता स्वतंत्र हवामानवार्ता १९४५ साली सुरू केली. त्या काळाच्या मानाने आजची सोय पुष्कळच मोठी आहे. पुढील पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज मिळतो आणि त्याला धरून कृषि-हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी मराठीतून प्रसिद्ध होतो. तेव्हा सूचनाच मिळत नाही, अशी तक्रार करण्यास आज फारशी जागा उरलेली नाही. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात. सूचनेतील आकडा गावात जसाच्या तसा वाचून दाखविला जातो, पारावर त्याची चर्चा होते, आणि त्या आकड्याचा आपल्या रानाशी नेमका संबंध काय, हे न विचारताच मंडळी पांगतात. विस्तारकार्य एवढ्यावरच थांबत असेल तर ते अपुरे आहे, असे म्हणणे भाग आहे.

प्रथम 'थंडीची लाट' या शब्दांचा अर्थ स्पष्ट असावयास पाहिजे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांतील सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असले, म्हणजे हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. उतार याहून अधिक असला तर ती तीव्र लाट होय. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तरी लाट, आणि २ अंशांवर किंवा त्याखाली आला तर तीव्र लाट समजतात. समजा एखाद्या गावची सरासरी ११ अंश आहे. तेथे पारा ७ अंशांवर आला तर अंगात हुडहुडी भरेल, पण कागदोपत्री ती लाट ठरणार नाही. पिकाला मात्र कागदावरील व्याख्येशी कर्तव्य नसते. लाट जाहीर झाली नाही म्हणून निर्धास्त राहणे यास्तव योग्य नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट तापमापकाच्या जागेची आहे. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर, म्हणजे चार फुटांहून किंचित अधिक उंचीवर ठेवलेला असतो. अंदाजातील अंश हे त्या उंचीवरील, त्या पेटीतील हवेचे अंश होत. निरभ्र, निवांत रात्री जमीन व झाडेझुडपे आपली उष्णता आकाशाकडे टाकीत असतात, त्यामुळे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार होते. पेटीतील तापमान आणि गवताच्या शेंड्याचे तापमान यांत अशा रात्री दोन ते चार अंशांचा फरक सहज पडतो, क्वचित त्याहूनही अधिक. महाबळेश्वरला हे दृश्य हिवाळ्यात अनेकदा दिसते. वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठून पांढरे हिमकण पडतात आणि त्याच पहाटेची वेधशाळेतील नोंद शून्याच्या पुष्कळ वर असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण जागा दोन आहेत.

या विषयावरील एक मोलाचा शोध आपल्याच देशात लागला, हे कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावे. एल. ए. रामदास व एस. आत्मनाथन या शास्त्रज्ञांनी १९३२ साली असे दाखवून दिले की, निरभ्र व शांत रात्री उघड्या जमिनीवरील सर्वांत थंड हवा मातीला अगदी चिकटून नसते, तर ती काही अंगुळांपासून हातभर उंचीपर्यंत असते. जगभरच्या अभ्यासकांनी आरंभी या निष्कर्षाविषयी शंका घेतली, पुढे तो मान्य झाला. हातभर उंची म्हणजे कोणती? हरभऱ्याचा फुलोरा, टोमॅटोचे खालचे घोस, नुकतीच लावलेली भाजीपाल्याची रोपे आणि केळीचे कोवळे खोडवे यांचीच ती उंची. अंदाजात ६ अंश सांगितले असतील तर या पिकांना ३ अंशांचा मुकाबला करावा लागेल, असे गृहीत धरूनच तयारी करणे शहाणपणाचे आहे.

एकाच गावातदेखील सर्व राने सारखी गारठत नाहीत. थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उताराने वाहते आणि ओढ्याकाठच्या सखल रानात साचते. माळावरच्या तुकड्यात बाग हिरवीगार राहते आणि तिच्याच खालच्या अंगाला असलेल्या खोलगट शेतात पाने करपतात, हा अनुभव जुन्या शेतकऱ्यांना नवा नाही. बागेच्या खालच्या बाजूस दाट कुंपण असले तर हे साचणे वाढते, कारण बांध घातल्यावर पाणी तुंबावे तशी तेथे थंड हवा तुंबते. येथे थोडा विवेक हवा. केळीच्या बागेभोवती शेवरीची ताटी लावावी हा सल्ला योग्यच आहे. तो उत्तरेकडून वाहणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यासाठी आहे. वारा पडल्यानंतरच्या स्तब्ध रात्रीचा गारठा हा निराळा प्रकार होय, आणि त्याच्यासाठी खालच्या अंगाची वाट मोकळी असणे हिताचे. दोन्ही प्रकारांना 'थंडी' हा एकच शब्द असल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लावला जातो. लाटेचे पहिले एक-दोन दिवस सामान्यतः वाऱ्याचे असतात. पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकले, आभाळ मोकळे झाले आणि वारा पडला, म्हणजे त्यानंतरच्या रात्री खऱ्या धोक्याच्या. सायंकाळी हवा कोरडी लागत असेल तर तो धोका आणखी वाढतो, कारण भरपूर दव पडते तेव्हा त्यातून थोडी उष्णता बाहेर पडून पारा उतरण्यास अटकाव होतो. कोरड्या रात्री ती मदतही नसते.

आता उपायांविषयी. पिकास पाणी द्यावे हा उपाय सर्वांच्या तोंडी आहे व तो खराही आहे. ओली माती दिवसा उष्णता अधिक साठविते आणि रात्री ती सावकाश वर सोडते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असल्याने खालची ऊब वर येत नाही. परंतु यातूनच निघणारी गोष्ट अशी की, पाणी देण्याची उत्तम वेळ मध्यरात्र नसून लाटेच्या आदल्या दिवसाची सकाळ वा दुपार ही आहे, म्हणजे ओल्या मातीला दिवसभर ऊन खाता येते. शेतीपंपांना वीज आलटून पालटून दिवसा व रात्री मिळते. ज्या आठवड्यात ती रात्रीची असते त्या आठवड्यात ऐन गारठ्यात, अंधारात, ओल्या पायांनी दारे धरणारा माणूस पिकापेक्षा अधिक सोसत असतो. विंचूकाट्याचे आणि काही तालुक्यांत बिबट्याचे भय आहे ते वेगळेच. अंदाजाचा खरा लाभ हा आहे की दोन-तीन दिवस आधी मिळालेली सूचना रात्रीचे काम दिवसावर आणू शकते. दिवसाच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी रान भिजवून ठेवणे, अथवा लाटेच्या दिवसांपुरती पाळी बदलून मिळावी म्हणून गावाने एकत्रितपणे वेळीच मागणी करणे, ही कामे सूचना ऐकल्याबरोबर करण्याची आहेत. पहाटे पाणी द्यावयाचेच झाले तर ते विहिरीचे द्यावे. त्या वेळी विहिरीतून वाफ निघताना दिसते, यावरूनच ते पाणी हवेपेक्षा किती उबदार असते हे कळते. शेततळ्याचे उघडे पाणी तेवढे उबदार नसते.

याच कारणाने लाटेच्या तोंडावर कोळपणी करू नये. नुकतीच मोकळी केलेली माती रात्री पिकाला ऊब देत नाही. कोळपे चार दिवस थांबले तर बिघडत नाही.

शेकोट्यांच्या बाबतीत मात्र बराच गैरसमज आहे. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून दाट धूर केला म्हणजे पिकावर पांघरूण पडते, ही समजूत फार जुनी आहे. ढगांचे पांघरूण उष्णता अडविते हे खरे, पण धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांतून जवळजवळ सरळ निघून जाते. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या आचेचा. म्हणूनच एका कोपऱ्यात मोठा जाळ करण्यापेक्षा बागेत ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या ठेवणे बरे. मोठ्या जाळाची उष्णता वरच्या वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालची थंड हवा आत ओढली जाते. ज्या पालापाचोळ्याचे खत होऊ शकते तो नुसत्या धुरासाठी जाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे. उलट दिशेची एक चूक आच्छादनाबाबत होते. वाळलेल्या काडाचे आच्छादन मुळांना ऊब देते, पण जमिनीची उष्णता खालीच कोंडून ठेवल्यामुळे वरच्या कोवळ्या पालवीला मात्र ते गारठ्यातच ठेवते. फळझाडाच्या बुंध्याशी ते असू द्यावे. भाजीपाल्याच्या रोपांना त्याऐवजी वरून झाकण घालावे, आणि ते सूर्य वर येताच काढावे.

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झालेल्या द्राक्षबागांत या सुमारास मणी फुगत असतात किंवा त्यांत पाणी उतरत असते. निफाड परिसरातील कडाक्याची थंडी सर्वांना परिचित आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा २ अंशांच्या आसपास आला होता. अशा थंडीत मण्यांची फुगवण मंदावते. रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन यांत फार अंतर पडले तर हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, आणि निर्यातीच्या बाजारात तो माल मागे पडतो. घडांना कागद गुंडाळण्याची रीत अनेक बागाईतदारांनी स्वतःच्या अनुभवातून स्वीकारली आहे, ती चांगली आहे. परंतु कागद घालण्याचे काम मजुरांच्या हातचे असते आणि एका दिवसात होत नाही. सूचना आल्यावर मजूर शोधावयास निघणारा येथे मागेच राहणार. पाणी उतरलेल्या बागेत थंडीच्या भीतीने एकदम भरमसाट पाणी सोडणेही बरे नव्हे, त्याने मणी तडकण्याचा धोका असतो.

जळगावकडील केळीला १० अंशांखालचे तापमान सोसत नाही. पाने पिवळी पडून चरका बसतो, नवीन पान निघणे थांबते आणि निसवणीच्या वेळी घड पोंग्यातच अडकतो. चरका बसलेली पाने लगेच कापून टाकण्याची घाई नको, कारण तीच पाने पुढच्या थंड रात्री घडाला व पोंग्याला आडोसा देतात.

थंडीचे नाव निघताच सर्वत्र नुकसानीचीच भाषा करणे मात्र रास्त नव्हे. गव्हाला फुटवे धरण्याच्या काळात थंडी मानवते, आणि ज्या वर्षी ती पुरेशी पडत नाही त्या वर्षी उतारा घटतो. एकाच शिवारात गव्हाचा धनी ज्या लाटेने संतोष पावतो तिनेच केळीवाला हवालदिल होतो. त्यामुळे सर्व गावाला एकच सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने आधी गावात काय पेरले आहे हे पाहावे. जनावरांच्या बाबतीत सांगावयाचे ते सर्वांना ठाऊकच आहे. वासरे व करडे यांना कोरडी बैठक, गोठ्याच्या उत्तरेकडील अंगाला गोणपाट आणि पिण्यास विहिरीचे ताजे पाणी एवढे केले तरी पुष्कळ होते.

राहिला प्रश्न गावाच्या स्वतःच्या नोंदीचा. कमाल-किमान तापमापक ही आता महागडी वस्तू राहिलेली नाही. प्रत्येक गावाने असे दोन तापमापक घ्यावेत. एक सावलीत, भिंतीपासून दूर, चार फुटांवर ठेवावा व दुसरा सखल रानात पिकाच्या उंचीवर. सकाळी दोहोंची नोंद वहीत करावी, शेजारी जवळच्या केंद्राचा त्या दिवसाचा आकडा लिहावा, आणि रात्री आभाळ कसे होते, वारा होता की नव्हता, दव किती पडले, हे थोडक्यात टिपावे. शाळेतील वरच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने करतील. एका हिवाळ्यातच कळून येईल की केंद्रावर ७ अंश असताना ओढ्याच्या काठी ४ असतात की ५. पुढील वर्षी अंदाजाचा आकडा ऐकताच प्रत्येक जण आपल्या रानापुरते गणित स्वतः मांडू शकेल.

या वहीचा आणखीही एक उपयोग आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या हवामान केंद्रावरील नोंदीवरून. जळगावच्या केळीसाठी सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली, अशी अट योजनेत ठेवण्यात आलेली आहे. केंद्र उंचवट्यावर वा इमारतींच्या जवळ असले आणि बागा नदीकाठच्या सखल भागात असल्या, तर बागेत चरका बसूनही केंद्राचा पारा ८ च्या वरच राहू शकतो, आणि शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. गावाची वही दाव्यात पुरावा म्हणून धरली जाणार नाही, हे स्पष्टच आहे. तथापि दोन-तीन हिवाळ्यांच्या नियमित नोंदी हाती असल्यास, केंद्राची जागा तपासावी ही मागणी ग्रामसभेला ठरावाद्वारे व आधारासह करता येईल. आज ही मागणी केवळ तोंडी होते आणि तोंडीच विसरली जाते. नोंदींना आरंभ करण्यास लाटेची वाट पाहू नये. साध्या रात्रीचे आकडे वहीत आधी असतील तरच लाटेच्या रात्रीचा फरक लक्षात येईल, यास्तव तापमापक दिवाळीनंतर लगेच टांगावेत.