अंगणातला डाग आणि मोरीतली बाटली

हल्ली आपल्याकडे घरटी एखादी तरी दुचाकी असते. अंगणात कोबा केलेला असेल तर गाडी उभी राहायच्या जागी ऑइलचा काळा डागही असतोच. गणपती, दिवाळी किंवा घरातले लग्न जवळ आले की या डागाकडे सर्वांचे लक्ष जाते. मग कोणी त्यावर रॉकेल ओततो, कोणी पेट्रोल, तर कोणी थेट संडास धुण्याचे अ‍ॅसिड. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु माझे स्पष्ट मत असे, की कोब्यात मुरलेला डाग कोणाचे फारसे वाकडे करत नाही. तो घालवण्यासाठी घरात आणलेली बाटली मात्र जिवावर बेतू शकते.

प्रथम अ‍ॅसिडविषयी. अ‍ॅसिडने ऑइल निघते हा समजच मुळात चुकीचा आहे. अ‍ॅसिड तेलाला विरघळवत नाही, ते सिमेंटमधील चुना खाते. फसफसून फेस येतो आणि डाग निघतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात कोब्याचा वरचा थर झिजतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी सांडलेले ऑइल त्यात अधिकच खोल जाते. शिवाय अ‍ॅसिडच्या वाफेने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागते. सर्वांत मोठा धोका म्हणजे अ‍ॅसिड आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, एकत्र वापरणे. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील रणांगणावर सैनिकांविरुद्ध वापरला गेला तो हाच वायू. तो आपल्या अंगणात किंवा बंद मोरीत तयार करण्याचे काहीच कारण नाही. चुकून असे झाले तर तेथे न थांबता सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. खोकला वा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.

रॉकेल आणि पेट्रोल यांनी ऑइल पातळ होते हे खरे. पण पातळ झालेले ऑइल कोब्याच्या बारीक छिद्रांतून आणखी आत झिरपते. हातांच्या त्वचेतील नैसर्गिक तेल निघून जाते, कातडी कोरडी पडून भेगाळते आणि खाज सुटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. पेट्रोलमध्ये बेंझीन असते, आणि ते दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होतो.

खरी काळजी मात्र काम झाल्यावर उरते. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, म्हणून उरलेले टाकवत नाही. ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत किंवा जिन्याखाली ठेवले जाते. थिनर आणि अ‍ॅसिड यांचेही तेच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला बाटली ओळखीची वाटते, आतला पदार्थ नाही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला घरची मंडळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवतात. असे कदापि करू नये. रॉकेल पोटात असताना जितके घातक, त्याहून कितीतरी अधिक फुप्फुसात शिरल्यावर. उलटी करताना ते हमखास श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. मुलाला काही न पाजता, भिजलेले कपडे काढून, बाटलीसह ताबडतोब रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मूल वरकरणी हसतखेळत असले तरी काही तास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. अ‍ॅसिड पोटात गेले तरीही उलटी करवू नये. ते अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवावे. त्यावर चुना किंवा सोडा लावू नये.

मग डाग तसाच ठेवायचा काय? नाही. ताजे ऑइल निसरडे असते आणि वयस्कर माणसाचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. म्हणून सांडल्याबरोबर त्यावर लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडी माती जाड थराने पसरावी. पाणी ओतू नये, लगेच घासू नये. रात्रभर ठेवून सकाळी खराट्याने गोळा करावे. जुन्या डागावर कपडे धुण्याची पावडर आणि चाळलेली माती थोड्या गरम पाण्यात कालवून घट्ट लगदा थापावा, वाळू द्यावा, मग काथ्याने किंवा कडक ब्रशने घासावे. कोब्यात मुरलेले तेल हा लगदा वर ओढून घेतो. दोन-तीन वेळा केल्यावर डाग बराच फिका होतो. उरलेली पुसट छटा राहू द्यावी. गोळा केलेला तेलकट भुसा चुलीत किंवा बंबात घालू नये, विहिरीच्या वा गटाराच्या बाजूला टाकू नये. गाडीचे जळके ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, ते गॅरेजवाल्याकडेच द्यावे. जळके ऑइल वारंवार हाताला लागणेही बरे नव्हे. त्यातील काही घटकांमुळे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. गाडी असते घरातील पुरुषाची, ऑइल गळते त्याच्या हलगर्जीपणाने आणि डाग घासायला बसते घरची सून किंवा धुण्याभांड्याची बाई, तीही उघड्या हातांनी. पाच-सहाशे रुपयांच्या साडीवर डाग पडू नये म्हणून आपण जपतो, मग त्या हातांची किंमत त्याहून कमी समजायची काय? ज्याची गाडी त्यानेच डाग काढावा, आणि दुसऱ्याला सांगायचेच असेल तर रबरी हातमोजे द्यावेत.

गळती थांबवणे हाच खरा इलाज. मेकॅनिककडून गाडीचे ऑइलसील आणि वॉशर तपासून घ्यावे. तोवर गाडीखाली वाळूने भरलेले जुने घमेले ठेवावे. आणि आज संध्याकाळी मोरीतल्या आणि जिन्याखालच्या बाटल्या एकदा पाहाव्यात. पेयाच्या बाटलीत दुसरेच काही भरलेले सापडले तर ती आजच घरातून बाहेर जाऊ द्या.