गल्लीतलं पिल्लू... आणि तेही ‘मादी’!

पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची. आपल्या खान्देशात ही रीत सासूकडून सुनेकडे आपोआप येते, ती कुणी शिकवावी लागत नाही. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला आपण पिढ्यान् पिढ्या जातो. घरातल्या तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात, त्यांनाही आपण हात जोडतो. कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायचं युधिष्ठिराने नाकारलं, ही गोष्ट तर आजीच्या तोंडून लहानपणीच ऐकलेली. पण तेच कुत्रं उंबरठा ओलांडून आत आलं की मात्र शेजारपाजार विचारतो, ‘काय वं माय, कुत्री कसाले लई उनी घरमा?’

मैत्रिणींनो, आमच्या जळगावच्या घरात अशा दोघी जणी आहेत. चिंगी आणि भुरी. चिंगी आमच्याच गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर सापडलेली, तर भुरी धुळ्याची, देवपुरातल्या माझ्या माहेरच्या गल्लीतून आलेली. दोघींना ना जात, ना कागदपत्रं. उद्योग मात्र भरपूर! उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घातलं की एकीने राखण करायची आणि दुसरीने कुरडई पळवायची, असं त्यांचं ठरलेलंच असावं. चपलांच्या जोडीतली एकच पळवायची, दोन्ही नाही. दुपारी कूलरसमोरची जागा कुणाची यावरून रोज भांडण होतं आणि शेवटी दोघी एकमेकींवर पाय टाकून झोपतात. ‘घर बाटवलं’ म्हणणाऱ्या सासूबाईंच्या ताटाजवळच त्या का बसतात, हे आता घरात कुणी विचारत नाही.

पण मला आज त्यांचे लाड सांगायचे नाहीत. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न सांगायचा आहे. नाव नाही, वय नाही, पहिला प्रश्न एकच – ‘नर की मादी?’ आणि उत्तर ऐकलं की लगेच, ‘अगं, मादी कशाला घेतलीस?’

गल्लीत पिल्लं झाली की काय होतं, ते आठवून पाहा. मुलं हौसेने एकेक उचलतात. मोठी माणसं पिल्लू उलटं करून बघतात. नर असेल तर राहतो, मादी परत जाते. आठ-दहा दिवसांनी त्या कुत्रीजवळ ज्या दोन-तीन उरतात, त्या बहुतेक माद्याच. मग कुणीतरी ‘ब्याद नको’ म्हणून त्यांना पोत्यात घालून गावाबाहेर नेऊन सोडतं. माणसाच्या मुलीची आणि कुत्रीच्या पिल्लाची तुलना करणं कुणाला आवडणार नाही, मलाही ती जपूनच करायची आहे. पण 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त 842 मुली होत्या, हा आकडा आपल्याच जिल्ह्याचा आहे. ‘मादी नको’ हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो, तो उगाच नाही. नको ते कोण, हे ठरवायची सवय एकदा लागली की ती दाराबाहेर थांबत नाही.

बरं, मादी नको म्हणण्यामागचं कारण तरी काय? ‘दर वर्षी पिल्लं होतील, निस्तरायचं कोणी?’ कारण खोटं नाही. कुत्री साधारण 63 दिवसांत वितते आणि वर्षातून दोनदाही विऊ शकते. पण याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. नसबंदीचं एक ऑपरेशन केलं की हा प्रश्न कायमचा सुटतो. साधारण सहा महिन्यांची झाली की पशुवैद्यांना दाखवावं, तेच योग्य वेळ सांगतात. वेळेवर ऑपरेशन झालं तर मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका राहत नाही, स्तनाच्या गाठींचाही धोका कमी होतो. आणि हो, ऑपरेशन नराचंही करता येतं. त्याचं भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. पिल्लांची जबाबदारी एकट्या मादीच्या माथी मारायची गरज नाही!

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तर हा कायदाच आहे. 2001 मध्ये केंद्र सरकारने नसबंदी आणि लसीकरणाचे नियम केले, 2023 मध्ये ते नव्याने आले. काम नगरपालिका-महापालिकांचं. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा कडक आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, ते पिसाळलेलं किंवा हल्लेखोर नसेल तर, पुन्हा त्याच्याच भागात सोडावं, असं सांगितलं. ज्यांना हवं त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, पण ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच, असंही त्यात आहे. पुढे 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री हलवून निवारागृहात ठेवण्याचा आदेश आला. म्हणजे प्रश्न साऱ्या देशाचा आहे. निवारागृहं बांधली जातील तेव्हा जातील, आपल्या गल्लीतलं एखादं पिल्लू घरात आलं तर तेवढं ओझं आजच कमी होतं.

‘पण गावठी कुत्रं? पाहुण्यांना काय सांगायचं?’ असंही ऐकू येतं. त्यांना रतन टाटांचं सांगा. टाटा समूहाचं मुख्यालय असलेल्या मुंबईच्या ‘बॉम्बे हाऊस’चं 2018 मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली केली गेली. त्यांतला एक ‘गोवा’ नावाचा, गोव्यात सापडलेला म्हणून ते नाव. ऑक्टोबर 2024 मध्ये टाटा गेले, तेव्हा अंत्यदर्शनाला त्यालाही आणलं होतं. ज्यांना जगातलं कुठलंही महागडं कुत्रं घेता आलं असतं, त्यांना रस्त्यावरचं चाललं. मग आपल्याला कसली लाज? शिवाय आपल्या मातीतलं कुत्रं आपलं ऊन सोसतं. थंड मुलखातली केसाळ कुत्री आपल्याकडच्या 45 अंशांत नुसती धापा टाकत पडतात.

आता भीतीचं बोलू, कारण ती खरी आहे. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि माणसाला होणारा रेबीज शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुत्र्यामुळेच होतो. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग सांगितलेला बूस्टर आणि पुढे दर वर्षी. यात ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही. कुणाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग थेट दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. हल्ली कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. जखम खोल असेल तर वेगळं इंजेक्शनही देतात. आपण बायका ‘पिल्लाचाच तर दात लागलाय’ म्हणून कामाला लागतो आणि मुलं मार बसेल म्हणून सांगतच नाहीत. घरात हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

शेवटच्या पोळीबद्दलही एक सांगते. पोळी-भाकरी चालते, पण सोबत शेवभाजीचा रस्सा किंवा भरीत नको. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर मुळीच नको. साधा भात, भाकरी, उकडलेलं अंडं, आणि दिवसभर भरलेलं पाण्याचं भांडं. वैशाखात भर दुपारी डांबरावरून फिरवलं तर पाय पोळतात, म्हणून फेरी सकाळी लवकर नाहीतर दिवेलागणीनंतर.

आणि ही फेरी मारणार कोण? माझ्या मते कुत्रं आणण्याआधी विचारायचा खरा प्रश्न हा आहे. हट्ट मुलांचा, कौतुक वडिलांचं आणि शी-शू पुसायची आईने, असं बहुतेक घरांत होतं. मग चार महिन्यांत ती कंटाळते आणि कुत्रं परत रस्त्यावर. दोष मात्र तिलाच, ‘तिला प्राण्यांची आवडच नाही!’ आमच्याकडे पहिल्याच दिवशी वाटणी झाली. सकाळची फेरी यांची, संध्याकाळची मुलाची, लसीची तारीख मुलीने कॅलेंडरवर लिहायची. स्वयंपाकघर माझं, म्हणून खाणं माझ्याकडे. आखाजीला मी निर्धास्त माहेरी जाते, ती या वाटणीमुळे. ज्या घरात ही वाटणी होणार नसेल त्या घरात पिल्लू न आणलेलंच बरं. शेवटची पोळी दाराबाहेर घालत राहा, तेही पुण्यच आहे.

पण वाटणी होणार असेल तर जरूर आणा. पिल्लांभोवती मुलं जमतील, मोठी माणसं पिल्लू उलटं करून बघतील. तुम्ही त्यांना वेगळे प्रश्न विचारा, ‘लस कधी द्यायची? ऑपरेशन कधी करायचं? फेरी कोण मारणार?’ याची उत्तरं मिळाली की ते नर आहे की मादी, याला काही अर्थ उरत नाही. आणि सगळे निवडून गेल्यावर जी मागे उरेल, तिला आधी उचला.