धाडस आणि अंतर

वन्य प्राण्यांचे चित्रपट आपण मुलांना निःशंकपणे दाखवतो. त्यांत ज्ञान असते आणि निर्मळ आनंदही असतो. परंतु स्टीव्ह आयर्विन या ऑस्ट्रेलियन निसर्गप्रेमीचे जीवन व मरण आठवले, की मुलांशेजारी बसून दोन शब्द बोलणेही आवश्यक आहे, असे वाटू लागते.

क्वीन्सलँडमधील बीअरवा येथे त्याच्या आईवडिलांनी १९७० साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे उद्यान उघडले. मगर कशी हाताळावी, हे तो बालवयातच वडिलांपासून शिकला. १९९२ साली विवाह झाल्यावर नवदंपती सहलीला गेले, तेही मगरी पकडण्यासाठी. आणि तेथे घेतलेल्या चित्रांतूनच पुढे त्याची जगप्रसिद्ध दूरचित्रवाणी मालिका उभी राहिली. ज्या प्राण्यांची लोकांना किळस वाटे, त्यांच्याविषयी त्याने ममत्व निर्माण केले. मिळालेल्या पैशातून वन्य जीवांसाठी विस्तीर्ण जमिनी विकत घेतल्या.

तथापि या धाडसाला मर्यादा असावी की नाही? जानेवारी २००४ मध्ये महिन्याभराच्या मुलाला एका हाताने कवटाळून त्याने दुसऱ्या हाताने मगरीला भक्ष्य दिले, तेव्हा लोक संतापले. बाळाला मुळीच धोका नव्हता, असे त्याचे म्हणणे होते.

मृत्यू आला तो मगरीच्या जबड्यातून नव्हे. ४ सप्टेंबर २००६ रोजी बॅट रीफ या प्रवाळ खडकापाशी, छातीभर पाण्यात, तो एका मोठ्या पाकट माशाचे चित्रण करीत होता. पाकट स्वभावाने भित्रा. शेपटीवरील काटा तो केवळ स्वसंरक्षणासाठी वापरतो. तोच काटा आयर्विनच्या छातीत घुसला. तो अवघ्या ४४ वर्षांचा होता. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तिसऱ्या वर्षात.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर काही पाकट मृतावस्थेत सापडले; त्यांतील काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. हा सूडाचा प्रकार असावा, अशी शंका आली आणि असे कृत्य आयर्विनला कदापि रुचले नसते, हे त्याच्याच संस्थेला सांगावे लागले. ज्याने जन्मभर प्राण्यांवर प्रेम करण्यास शिकवले, त्याच्या नावाने प्राण्यांचा बळी जावा, याहून मोठी विपरीतता कोणती?

प्रेक्षकाच्या मनात धाडस चटकन ठसते. त्यामागील अभ्यास व जिव्हाळा मात्र पडद्यावर क्षणभरच दिसतो. म्हणून मुलांना सांगावे : बाळांनो, त्या माणसामागे अनेक वर्षांची साधना होती आणि तरीही एक क्षण त्याला भारी पडला. पाकटाने वैर साधले नाही. तो भ्याला, इतकेच. प्राण्यावर प्रेम करणे म्हणजे त्याला कवटाळणे नव्हे. त्याला त्याची जागा देऊन दुरून न्याहाळणे, हेही प्रेमच आहे.

आयर्विनची दोन्ही मुले आज मोठी झाली असून आईसह त्याच उद्यानाचे कार्य पुढे नेत आहेत. पित्याचे प्रेम त्यांनी वारशाने घेतले. आपल्या मुलांनीही त्याच्यापासून तेवढेच घ्यावे.