पिस्तुलाच्या नावाखाली रायफल

अमेरिकेतील १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याचे मूळ विधेयक पिस्तुलांवरही नियंत्रण आणू पाहत होते. रायफलीची नळी कापून लोकांनी त्यातून पळवाट काढू नये, म्हणून आखूड नळीच्या रायफलींनाही नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लावण्यात आला. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली. आखूड नळीचे कलम मात्र राहिले. दरवाजा उघडा टाकून खिडकीला कुलूप लावण्याचाच हा प्रकार!

आज १६ इंचांहून आखूड नळी आणि खांद्याला टेकवायचा दस्ता एकत्र आला की नोंदणी अटळ ठरते. दस्ता नसेल तर तेच शस्त्र कायद्याच्या लेखी पिस्तूल. ५.५६ मिलिमीटरचे रायफलीचे काडतूस झाडणारी अर्धस्वयंचलित पिस्तुले या फटीतून बाजारात आली. त्यांना हाताला बांधण्याचा ‘ब्रेस’ मिळाला, आणि तो खांद्यालाही टेकवता येतो हे ग्राहकांना सांगावे लागले नाही. मार्च २०२१ मध्ये कोलोराडोतील बोल्डर येथे अशाच पिस्तुलाने १० जणांचा बळी घेतला. ब्रेसला दस्ता मानणारा जानेवारी २०२३ चा नियम टेक्सासमधील संघीय न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द ठरविला.

परंतु खरा पेच काडतुसाचा आहे. चिलखतभेदी गोळ्यांवर निर्बंध घालणारा १९८६ चा कायदा पिस्तुलातून झाडता येणाऱ्या गोळ्यांपुरताच आहे. हिरव्या टोकाच्या एम-८५५ काडतुसाला त्याच वर्षी क्रीडोपयोगी म्हणून सूट मिळाली. तेव्हा ते रायफलीचेच समजले जाई. पुढे त्याच काडतुसाची पिस्तुले निघाली. काडतूस होते तसेच राहिले, पण त्याची जात बदलली. शस्त्रनियंत्रण खात्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही सूट काढण्याचा प्रस्ताव मांडला. ८० हजारांहून अधिक अभिप्राय येताच मार्चमध्ये तो बाजूला ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी रशियन बनावटीच्या ७एन६ काडतुसाची आयात मात्र याच तर्काने थांबविण्यात आली होती.

या वादात दोन्ही पक्षांनी धातूवर भर दिला, वेगावर नाही. पोलिसांचे मऊ चिलखत मुख्यतः पिस्तुलाच्या गोळीसाठी विणलेले असते. नऊ मिलिमीटरची गोळी जड, पण तिचा वेग सेकंदाला साधारण ४०० मीटरांच्या आत. एम-८५५ ची गोळी जेमतेम चार ग्रॅमची, तरी लांब नळीतून ती ९०० मीटरांहून अधिक वेगाने सुटते. आखूड नळीत काही दारू बाहेरच जळून वाया जाते, वेग घटतो. तथापि उरलेला वेगही पिस्तुलाच्या गोळीला मागे टाकणाराच असतो. शिशाची साधी रायफल-गोळीसुद्धा मऊ चिलखत भेदते. तेव्हा एका हिरव्या टोकावर बंदी आली असती, तरी चिलखतामागच्या शिपायाला तिचा उपयोग थोडाच झाला असता.

आता १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीच्या रायफलीवरील २०० डॉलरचा कर शून्यावर आला आहे; कायद्यातील नोंदणीचे कलम कायम आहे. पिस्तुलाचे सोंग घेण्यामागचे पैशाचे कारण गेले, उरली ती कागदपत्रे.