मोटारींतील वीज आणि लॅपटॉप

आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. सासूबाईंना रक्तशुद्धीकरणासाठीं आठवड्यांतून दोनदां तालुक्याच्या गांवीं मोटारीनें न्यावें लागतें. तेथील चार तास त्या मोटारींतच बसून कचेरीचें काम करितात. लॅपटॉप दोन तासांत मान टाकतो. त्यास मोटारीची वीज द्यावी काय, आणि परततांना मोटार सुरूच न झाली तर, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा.

मोटारीची बॅटरी शिशाची व गंधकाम्लाची. तिची जात १८५९ सालीं फ्रान्सांत प्लांते यांनीं शोधून काढिली. एंजिनास क्षणभर जबर हिसका देऊन जागें करणें हें मोटारींत तिचें मुख्य कर्तव्य. तासन्‌तास मंद धारेनें वीज पुरविणें हा तिचा धर्म नव्हे. वारंवार खोलवर रिकामी झाल्यास तिचें आयुष्य घटतें.

आतां हिशेब मांडूं. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरूं. लॅपटॉप ५० वॅट घेतो व वाटेंतली गळती १०, मिळून ६०. त्यांस १२ व्होल्टांनीं भागिलें असतां ५ अँपिअर येतात. चार तासांचे २०, म्हणजे अर्ध्याहून अधिक बॅटरी खर्ची पडली! त्यांत ती जुनी असली तर किल्ली फिरवितांच नुसती कटकट ऐकूं येईल, आणि थकलेल्या सासूबाई तेथेंच अडकतील.

म्हणून जातांना, एंजिन चालू असतांनाच, लॅपटॉप पूर्ण भरून घ्यावा. पहिले दोन तास तो स्वतःच्या बळावर चालेल. पुढील दोन तासांस मोटारीचे दहाच अँपिअर-तास लागतील. तेवढें निरोगी बॅटरीस झेपतें.

इन्व्हर्टर मात्र घेऊं नये. १२ व्होल्टांचे २३० करावयाचे आणि लॅपटॉपच्या ॲडॉप्टरनें त्यांचे पुनः २० करावयाचे, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम. दोन्ही वेळां वीज उष्णतेंत जाते. लॅपटॉप यूएसबी-सी तारेनें भरणारा असेल, तर सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत बसणारा ६५ वॅटांचा चार्जर पुरे. तारही तितक्या वॅटांची हवी. (मालमोटारींत बहुधा २४ व्होल्ट असतात, तेथें १२-२४ असें छापलेलाच चार्जर चालेल.) एंजिन सुरू करतेवेळीं दाब एकदम उतरतो, तेव्हां चार्जर आधीं काढावा. कांहीं मोटारींत किल्ली काढल्यावरही खोबण जागी राहते, हेंही पाहून ठेवावें.

बॅटरी रिकामी होऊं नये म्हणून उभ्या मोटारीचें एंजिन चालू ठेवण्याची युक्ति कोणी सुचवील. बंदिस्त जागेंत ती प्राणघातक आहे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडास ना रंग ना वास.

खोबणींत बसणारा लहानसा व्होल्टमापक मिळतो. विसावलेली भरली बॅटरी सुमारें १२.६ दाखविते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झाली असें समजावें व चार्जर काढून ठेवावा. भगिनींनीं बॅटरीचें वय कळविलेलें नाहीं. ती चार वर्षांहून जुनी असल्यास या भानगडींत पडण्यापूर्वीं एकदां तपासून घ्यावी.