हमी कोणाला? भागधारकाला की प्रवाशाला?

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. त्या माळा सुकण्याच्या सुमारास, पाऊस ओसरून मावळातील भात पिवळे पडू लागले असताना, एका सकाळी मी दोन गाड्यांतून प्रवास केला. पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगर गाठले आणि तेथून लोकलने लोणावळा. जुना लोहमार्ग पुन्हा एकदा डोळसपणे पाहावा, एवढाच हेतू होता.

मेट्रो पिंपरीत २०२२ साली सुरू झाली. गाडी स्वच्छ आणि थंड; ती नाकारण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशातून कष्टकऱ्यालाही अशी गाडी मिळावी, हीच आपली भूमिका असली पाहिजे. १९७८ पासून धावणाऱ्या लोकलचे जग मात्र वेगळे आहे. दाराशी दुधाचे रिकामे कॅन घेऊन मावळात परतणारे दूधवाले, पाळीवर निघालेले कंत्राटी कामगार, तळेगावचे विद्यार्थी आणि भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया. लोकलचे किमान भाडे पाच रुपये, मेट्रोचे दहा. ज्याची मजुरी दिवसावर ठरते, त्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. महिन्याअखेर तो पगारातील कपातीसारखाच जाणवतो.

हा लोहमार्ग कामगारासाठी बांधलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही. खंडाळा-पुणे मार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाटातून रूळ पोहोचले ते १८६३ मध्ये. मधल्या काळात प्रवाशांना घाट पालखीने, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. घाटाचे काम ऐन भरात असताना हजारो मजूर कडे फोडत होते आणि पटकीच्या साथींत मरत होते. त्यांची नावे कोणत्याही कमानीवर कोरलेली नाहीत. गाडीची दिशा बदलण्यासाठी घाटात उभारलेले जुने स्थानक १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर निरुपयोगी ठरले.

नावे नोंदली गेली ती भागधारकांची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी १८४९ साली झालेल्या करारात गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी होती. कंपनीची कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर येथल्या शेतकऱ्याच्या घामातून, भरून निघे. नफा लंडनला आणि जोखीम मावळच्या रयतेला, असा तो व्यवहार होता. रेल्वे हिंदुस्थानात आधुनिक उद्योगांची अग्रदूत ठरेल, असे मार्क्सने १८५३ मध्येच लिहिले होते. परंतु त्याची फळे जनतेच्या हाती केव्हा पडतील, हा प्रश्न त्याने राजकीय सत्तेशी जोडला होता. पिंपरीने पहिले भाकीत खरे केले. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहत आली, आणि रूळ व मुंबई-पुणे रस्ता यांच्या आधाराने एक कामगार नगरी वाढली. दुसरा प्रश्न अजून उभाच आहे.

स्वस्त वाहन एकदा गेले की ते सहजासहजी परत येत नाही, याचा दाखला मुंबईत आहे. तेथे १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. गिरणगावातला कामगार थोड्या पैशांत तिच्यातून फिरे. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. ट्राम संथ आहे, रस्ता अडवते, असे सांगितले गेले. आज त्याच रस्त्यांवर खाजगी मोटारींच्या रांगा ट्रामहून संथ सरकतात. वाहन काढले गेले, कोंडी तेवढी राहिली.

लोकल कोणी बंद करणार नाही. मात्र दुर्लक्षानेही एखादी सेवा क्षीण होत जाते. पुणे-लोणावळा हे दोनच रूळ. त्यांवरून मुंबईच्या जलद गाड्या, दूरच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. त्यांतून उरलेल्या फटीत लोकल बसवायची. तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली, ती वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर. मान्यता म्हणजे रूळ नव्हेत. चाकणची अवस्था याहून वाईट. पुणे-नाशिक रेल्वेच्या आराखड्यांत चाकणचे नाव येत राहिले. वाहन उद्योगाचे एवढे मोठे केंद्र उभे राहिले, तरी तेथे रेल्वे नाही. कंत्राटी तरुण मोटारसायकलचा हप्ता भरतो आणि रात्रपाळी संपवून अवजड वाहनांच्या रस्त्यावर जीव धोक्यात घालून घरी जातो. मालाच्या वाहतुकीचा खर्च मालक हिशेबात धरतो; मजुराच्या प्रवासाचा खर्च मात्र मजुराच्याच खिशातून जातो.

स्वस्त रेल्वे तोट्यात जाते, असा आक्षेप ठरलेला आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, तोटा कोणाच्या वहीत पाहायचा हा खरा प्रश्न आहे. वाचलेले इंधन, टळलेले अपघात, कामगाराचे वाचलेले दोन तास हे रेल्वेच्या जमाखर्चात दिसत नाहीत. समाजाच्या जमाखर्चात ती जमेची बाजू आहे. परदेशी भागधारकाला सरकार पाच टक्क्यांची हमी देऊ शकत होते, तर स्वतंत्र देशातील सरकारने प्रवाशाला हमी का देऊ नये? ठरलेल्या वेळी गाडी, मजुरीला झेपेल असे भाडे आणि कारखान्याच्या दारापर्यंत जोडणारी बस, एवढीच ती हमी.

आपल्या कामगार संघटना वेतनकरारात महागाई भत्त्यासाठी झगडतात, ते योग्यच आहे. त्याच मागणीपत्रात लोकलच्या फेऱ्या, नव्या मार्गिका आणि चाकणची रेल्वे यांना स्थान हवे. प्रवास हा वेतनाचाच भाग आहे. घाट फोडणाऱ्यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.